दिवसा भिंत, रात्री पलंग



"भिंतीत घडी होऊन बसणारा पलंग करून घ्यावा का?" असं विचारणारी पत्रं अलीकडे वरचेवर येतात. बहुतेकींनी मोबाईलवर एखादी चित्रफीत पाहिलेली असते. एक हसतमुख तरुणी कपाटाची कडी हलकेच ओढते आणि बघता बघता पांढरीशुभ्र चादर घातलेला डबल बेड खोलीत उतरतो. त्या चित्रफितीत उशा कुठून आल्या आणि समोरचं टीपॉय कुठं गेलं, हे मात्र दाखवत नाहीत! तेव्हा आज जरा सविस्तर बोलू या. कारण हा पलंग चांगला की वाईट, असा प्रश्नच नाही. एका घरात तो संसाराला मोकळा श्वास देतो आणि दुसऱ्या घरात सहा महिन्यांत कायमचा उघडा नाहीतर कायमचा मिटलेला राहतो. पैसे दोघींचे सारखेच गेलेले असतात.

कल्पना म्हणाल तर आपल्याला नवी नाही. आपल्या आज्या-पणज्यांच्या घरात पलंग असायचे ते एखाद-दुसरे. बाकी सगळं घर सकाळी उठून वळकट्या बांधायचं, त्या घडवंचीवर रचल्या की रात्रीची झोपायची जागा पुन्हा माजघर व्हायची. मुंबईतल्या वरळी-नायगावच्या बी.डी.डी. चाळी १९२० च्या दशकात उभ्या राहिल्या. त्यातली एकेक खोली १६० चौरस फुटांची. तिथं पिढ्यान्‌पिढ्या संसार झाले ते गाद्यांच्या घडीवरच. फरक एवढाच, की वळकटीसाठी कंबर वाकवावी लागते, जमिनीवर उठबस करावी लागते, आणि गुडघे कुरकुरायला लागले की ते जमत नाही. पलंगाची उंची हवी आणि वळकटीसारखी मोकळी जमीनही हवी, अशी दोन्हीकडची हाव ज्यांना सुटली त्यांनी हा पलंग शोधला.

दुकानदार याला 'मर्फी बेड' म्हणतात. मर्फी म्हटलं की आपल्यापैकी अनेकींना रेडिओच्या जाहिरातीतलं ते गोंडस बाळ आठवेल. त्याचा आणि याचा काही संबंध नाही. हा मर्फी अमेरिकेतला, सॅन फ्रान्सिस्कोत एका खोलीत राहणारा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यानं भिंतीत जाणारा पलंग काढला आणि नाव त्याचं झालं. पण त्याच्याही आधी, १८८५ साली, शिकागोत फर्निचरचं दुकान चालवणाऱ्या सारा गूड या बाईंनी घडी केली की लिहायचं मेज होणाऱ्या पलंगाचं पेटंट घेतलं होतं. अमेरिकेत पेटंट मिळवणाऱ्या पहिल्या काही कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये त्यांचं नाव घेतात. लहान खोल्यांत राहणाऱ्या गिऱ्हाइकांची अडचण त्यांना दुकानात बसून दिसत असणार. बाईच्या नजरेला हे लवकर दिसतं, असं मला उगीच वाटून जातं. असो.

आता कामाचं. सुताराला बोलावण्याआधी एक करा. पाच रुपयांचा खडू आणा. जिथं पलंग करायचा विचार आहे, तिथं जमिनीवर त्याचा आकार आखा. डबल पलंग उभा मिटणारा असेल, तर भिंतीपासून पुढं साधारण सात फूट आणि रुंदीला साडेपाच फूट. सिंगल पलंग आडवा मिटणारा असेल, म्हणजे लांबीच्या बाजूनं खाली येणारा, तर पुढं साडेतीन फूट आणि भिंतीला लागून सात फूट. मिटल्यावरही तो काही भिंतीत गडप होत नाही. दीड फूट खोलीचं कपाट तिथं कायम उभं राहणार, तेही आखा. पायथ्याशी चालायला निदान दीड-दोन फूट सोडा. मग आठ दिवस रोज रात्री त्या रेघांच्या आत गादी घाला आणि सकाळी उचला.

ह्या आठ दिवसांत तुम्हाला जे कळेल ते कुठलाही दुकानदार सांगणार नाही. सोफा रोज सरकवावा लागतो का? टीपॉय कुठं जातं? मोटारसायकलचं हेल्मेट, मुलाची सायकल, इस्त्रीचं गाठोडं, जे रोज संध्याकाळी नेमकं त्याच जागी येऊन पडतं, त्याचं काय? रात्री अकराला बातम्या बघणारं माणूस कुणाच्या उशाशी बसणार? स्वयंपाकघराचं दार अडतं का? पाणी पहाटे साडेपाचला येत असेल तर पिंप भरायला कुणाच्या अंगावरून जावं लागतं? दिवस पहिले तीन सगळे उत्साहानं उचलतात. चौथ्या दिवसापासून गादी कोण उचलतंय ते नीट बघा. तुम्ही एकट्याच उचलत असाल, तर पलंगालाही तुम्हीच हात लावणार आहात, रोज दोनदा, वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस. ते तुम्हाला मान्य असेल तर खुशाल करा. पण आधी माहीत असू द्या.

ठाणे जिल्ह्यातल्या एका भगिनीचं पत्र समोर आहे. घर एक बेडरूम, हॉल, किचन. हॉल दहा बाय चौदा, बेडरूम दहा बाय अकरा. माणसं चार. त्या स्वतः शाळेत नोकरी करतात, मिस्टर, दहावीतली मुलगी आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आहे आणि डॉक्टरांनी जमिनीवर झोपायला मनाई केली आहे. सध्या त्या हॉलमधल्या सोफ्यावर झोपतात, मुलगी खाली गादी घालते. त्यांनी ठरवलं आहे, की हॉलमध्ये भिंतीतला पलंग करायचा, सासूबाईंसाठी. "म्हणजे त्यांची सोय होईल आणि दिवसा हॉल मोकळा राहील. सुतार येऊन माप घेऊन गेलाय. लाकूड कुठलं घ्यावं ते कळवा," असं त्या लिहितात.

बाई, लाकडाचं सांगते, पण आधी सुताराला दोन दिवस थांबवा.

हा पलंग उठून जाणाऱ्यांचा आहे. सकाळी आठला जे शाळेत, कॉलेजात, कचेरीत जातात आणि रात्रीच परत अंग टाकतात, त्यांच्यासाठी तो सोन्यासारखा. सासूबाई कुठं जाणार? त्यांना अकरा वाजता पाठ टेकावीशी वाटेल, दुपारी डोळा लागेल, पाय सुजले की वर ठेवून पडावंसं वाटेल. पलंग भिंतीत गेल्यावर त्या दिवसभर खुर्चीत बसणार. तो खाली ओढणं त्यांच्या हातचं नाही. मागायचं तर सुनेला हाक मारायची, आणि सून तर शाळेत गेलेली. दोन-चार दिवस सांगतील, मग सांगणारच नाहीत. कुणी पाहुणा आला की "आई, जरा उठता का, पलंग वर करू या" म्हणायची पाळी तुमच्यावर येईल. तुमच्या मनात तसूभरही वाईट नसेल, तरी ज्यांच्या नावावर घरात एक कोपराही राहिला नाही, त्यांना ते वाक्य कसं लागेल ते तुम्ही जाणता. शिवाय रात्री दोनदा-तीनदा उठणाऱ्या माणसाला पलंगाची कड कशी पकडीत बसेल अशी, ठाम हवी. नव्या गुडघ्याच्या माणसाला पलंग फार बुटकाही चालत नाही. बसल्यावर गुडघे कंबरेच्या वर जाता कामा नयेत.

तेव्हा उलटं करून बघा. बेडरूममधला तुमचा डबल बेड काढा. तिथं सासूबाईंना साधा, पक्का, चार पायांचा सिंगल पलंग द्या, बाथरूमच्या दाराजवळ. समोरच्या भिंतीला मुलीसाठी आडवा मिटणारा सिंगल. खोली दहा फूट रुंद, सासूबाईंचे तीन, मुलीचे उघडल्यावर साडेतीन, मधे साडेतीन फूट चालायला राहतात. दिवसा तर सगळीच जागा मोकळी, मुलीचं अभ्यासाचं मेज तिथं येईल. रात्री उशिरापर्यंत वाचत असेल तर झाकणाचा टेबललॅम्प द्या. आजीला तेवढाही उजेड खुपत असेल, तर जेवणाचं टेबल आहेच. आणि हॉलमधला उभा डबल पलंग तुम्ही दोघांनी घ्या. तुमच्या पत्रावरून बाथरूम बेडरूमला लागून आहे, म्हणजे रात्री कुणाला हॉलमधून जायचं कारण पडणार नाही. हॉलला बेडरूमच्या बाजूनं सरकतं दार करता आलं तर उत्तम, नाहीतर छतापासून जमिनीपर्यंत जाड दुहेरी पडदा लावा. लग्नाला वीस वर्षं झाली, मुलगी मोठी झाली, म्हणून नवराबायकोनं दार लावून घ्यायचा हक्क संपत नाही. आपल्याकडे हे कुणी बोलत नाही आणि घराच्या आखणीत पहिली काटछाट तिथंच होते.

हे सगळं ठरवण्याआधी सासूबाईंना विचारा मात्र. काही वडीलधाऱ्या माणसांना आतली खोली नकोच असते. दार, टीव्ही, पेपरवाला, येणारं-जाणारं माणूस यातच त्यांचा जीव रमतो. त्यांनी हॉल मागितला तर हॉलमध्ये खिडकीपाशी दिवाण टाका, तो दिवसाही दिवाणच राहू द्या, आणि हॉल थोडा अडला तर अडू द्या. मग भिंतीतला पलंग बेडरूममध्ये मुलीला.

आता भिंतीकडे वळू. सगळ्यांत जास्त धोका इथं आहे आणि सगळ्यांत कमी चौकशी इथंच होते. आपण सनमायकाचा रंग निवडण्यात दोन रविवार घालवतो.

मिटलेला पलंग कपाटासारखा जमिनीवर उभा असतो, उघडला की पुढच्या पायांवर टेकतो. म्हणजे वजन बहुतेक जमिनीवरच. मग भिंतीचं काम काय? लोखंडी कपाटाची दोन्ही जड दारं एकदम उघडली की कपाट कसं पुढं झुकल्यासारखं होतं, आठवतं ना? पलंग अर्धा खाली आलेला असतो, पाय अजून टेकलेले नसतात, तेव्हा सगळा भार पुढं येतो आणि अख्खं कपाट पुढं पडू पाहतं. नेमकं त्या वेळी आपण त्याच्या खाली उभ्या असतो. त्या क्षणाला धरून ठेवायचं काम भिंतीतल्या बोल्टांचं. २०२२ साली अमेरिकेत एका कंपनीनं आपले सव्वा लाखाहून जास्त भिंत-पलंग परत बोलावले. भिंतीपासून सुटून ते अंगावर पडत होते आणि त्यात एकोणऐंशी वर्षांची एक बाई दगावली होती. भिंतीशी पक्की जोडणी झालेली नव्हती, हे त्यातलं कारण. घाबरवायला सांगत नाही, पण "चार खिळे ठोकतो ताई, हलणार नाही" असं म्हणणाऱ्या सुताराला काम देऊ नका.

तुमची भिंत कशाची आहे ते शोधून काढणं अवघड नाही. कधी पडद्याच्या दांडीसाठी ड्रिल मारलं असेल तर पूड आठवा. लाल पूड म्हणजे वीट. करडी, कडक, आणि ड्रिल किंचाळत जातं ती काँक्रीट. करडी-पांढरी, मऊ, पिठासारखी भरभर पडते ती हलक्या ब्लॉकची, ज्याला बरेचजण सायपोरेक्स म्हणतात. आणि पांढरी पूड पडून ड्रिल एकदम पोकळीत गेलं तर ती जिप्समची पडदी आहे. तिला फोटोची फ्रेम लावा, पलंग लावू नका.

काँक्रीटची भिंत सगळ्यांत चांगली. नव्या उंच इमारतींत बऱ्याच ठिकाणी सगळी भिंतच साच्यात ओतलेली असते. तिथं लोखंडी अँकर बोल्ट घट्ट बसतात, फक्त भिंत खोदून पलंग आत बसवायचा विचार चुकूनही करू नका, त्या भिंतीवर इमारत उभी असते. नऊ इंची विटेची भिंतही चांगली, पण बोल्ट गिलाव्यात नाही तर विटेत खोल गेला पाहिजे, आणि दोन विटांमधल्या सांध्यात तर मुळीच नको. साडेचार इंची पडदी असेल, आणि आपल्या जुन्या इमारतींत आतल्या भिंती बहुधा तशाच असतात, तर जरा थांबा. पलीकडे आपलीच खोली असेल तर बोल्ट आरपार काढून मागून लोखंडी पट्टी लावता येते. पलीकडे शेजारी असतील तर अर्थात नाही. ब्लॉकच्या भिंतीत साधा प्लास्टिकचा प्लग काही काळानं सैल होतो. तिथं ब्लॉकसाठीचे लांब स्क्रू किंवा रसायन भरून बसवायचे अँकर लागतात. हे सुताराला माहीत नसेल तर फॅब्रिकेशनवाल्याला बरोबर बोलवा. तो लोखंडी चौकट जमिनीलाही बोल्टनं जखडून देऊ शकतो, म्हणजे भिंतीवरचा ताण कमी होतो.

भिंतीच्या पायथ्याची स्कर्टिंगची पट्टी कपाटामागे राहिली तर कपाट भिंतीला सपाट टेकत नाही, मधे अर्धा इंच फट राहते आणि बोल्ट वाकतात. तेवढी पट्टी काढायला किंवा कपाटाला तेवढी खाच द्यायला सांगा. भिंतीत विजेची नळी कुठून गेली आहे ते बटणांच्या पेटीवरून अंदाज घेऊन पाहा. पाण्याची पाइपलाइन असलेली बाथरूमची भिंत नकोच. आणि पावसाळ्यात जिथं पोपडे येतात ती भिंत कितीही सोयीची असली तरी सोडा. ओल आली की बोल्ट गंजतो, प्लाय फुगतो आणि गादीला वास येतो. आधी ओल काढा, एक पावसाळा जाऊ द्या, मग बघू.

भाड्याच्या घरात राहत असाल तर हा खटाटोप करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. अकरा महिन्यांच्या करारावर कुणी भिंतीला आठ भोकं पाडू देत नाही, आणि एकदा एका भिंतीच्या मापानं केलेला पलंग दुसऱ्या घरी तसाच बसतोच असं नाही. तिथं लोखंडी फोल्डिंग खाट बरी.

पलंग वर-खाली करणारा जो भाग, त्याला सुतार 'हायड्रॉलिक' म्हणतात. खरं तर त्यात तेलाचा पंप वगैरे नसतो, दाबून भरलेल्या गॅसचा पिस्टन असतो. आपल्या सामानाच्या पेटीपलंगाचं झाकण उचलतो तशातलाच, पण तोच नव्हे! पेटीपलंगाचे पिस्टन इथं लावून देणारे महाभाग आहेत. भिंतीच्या पलंगाचा पूर्ण संच, म्हणजे दोन्ही बाजूंच्या लोखंडी बिजागऱ्या, पिस्टन, पुढचे पाय आणि कुलूपपट्टी, एकत्र मिळतो. तोच घ्या, आणि कोटेशनमध्ये त्याची किंमत प्लायपासून वेगळी लिहून मागा. सगळं एका रकमेत सांगितलं की काटकसर नेमकी तिथं होते.

पिस्टन ठरावीक वजनाला बेतलेले असतात. म्हणून गादी आधी ठरवा, तिचं वजन करा आणि मग संच घ्या. गादी जड झाली तर पलंग उचलवत नाही आणि खाली येताना आदळतो. फार हलकी झाली तर खाली राहायलाच तयार नसतो. चार्ली चॅप्लिनचा १९१६ सालचा 'वन ए.एम.' नावाचा मूकपट आहे. त्यात तो असल्याच एका पलंगाशी झुंजतो आणि शेवटी न्हाणीघरातल्या टबात जाऊन झोपतो. पडद्यावर हसू येतं, घरात येत नाही. तेव्हा शेवटचा हप्ता देण्याआधी गादी-चादरीसकट पलंग स्वतः चार वेळा उघडा आणि मिटा. यजमानांनी नाही, तुम्ही. मधे हात सैल केला तर तो धाडकन खाली येऊ नये. खाली टेकल्यावर तुम्ही उठून उभ्या राहिलात तर आपोआप वर येऊ नये. वर केल्यावर कुलूप लागल्याचा आवाज स्पष्ट यावा. लहान मूल असेल तर ते कुलूप त्याच्या हाताबाहेर, उंचावर. मुलांना पलंग उघडायला किंवा मिटायला हात लावू द्यायचा नाही, आणि वर करण्याआधी गादीवर मांजर किंवा बाळ नाही ना, हे रोज बघायचं. बिजागरीत बोटं चिरडतात.

लाकडाचं विचारलं होतं त्याचं उत्तर: अठरा किंवा एकोणीस मिलिमीटरचा पाणी सोसणारा प्लाय घ्या, शक्यतो आय.एस. ७१० चा शिक्का असलेला. किनाऱ्याच्या दमट हवेत तर तोच. भुशाचा दाबलेला बोर्ड स्वस्त पडतो, पण रोज हलणारी बिजागरी त्यात टिकत नाही, स्क्रूची भोकं मोठी होत जातात. पलंगाचा तळ अखंड प्लायचा न करता पट्ट्यांचा करा, किंवा प्लायला दोन-दोन इंची भोकं पाडून घ्या. का ते पुढं येतंच.

गादी. आपली लाडकी कापसाची गादी इथं चालत नाही, हे सांगताना मलाच वाईट वाटतं. डबल गादी वीस-पंचवीस किलोंच्या घरात जाते आणि उभी केली की महिन्याभरात सगळा कापूस पायथ्याशी गोळा होतो. चार-पाच इंची फोमची किंवा पातळ काथ्याची घ्या. कपाटाची आतली खोली किती आहे ते बघून जाडी ठरवा, गादी दाबून दार लावायला लागलात तर पिस्टन लवकर थकतो. गादी धरून ठेवायला दोन रुंद पट्टे असतात, ते खालच्या गादीला आणि पातळ चादरीलाच. गोधड्या, रजया, उशा यांना शेजारी वेगळा खण ठेवावाच लागतो. पट्ट्यात अख्खा बिछाना कोंबायचा मोह होतो खरा!

आणि सकाळी उठल्या उठल्या पलंग मिटू नका. रात्रभराच्या घामानं गादी ऊबदार, दमट असते. तशीच अंधाऱ्या कपाटात कोंडली तर श्रावणापर्यंत कुबट वास यायला लागतो आणि मागच्या प्लायवर बुरशी धरते. चहा होईपर्यंत, निदान अर्धा तास, चादर मागे सारून तशीच उघडी ठेवा, पंखा चालू ठेवा, मग मिटा. तळाची भोकं यासाठीच. पंधरा दिवसांतून एकदा गादी काढून उन्हात टाका, तेव्हाच सांधे आणि बिजागरीच्या फटी टॉर्च घेऊन बघा. घडीच्या पलंगाइतकी ढेकणांना मनासारखी जागा दुसरी नाही. अंधार, ऊब, फटी, आणि रात्री जेवण आपोआप खाली उतरतं!

दिव्याचं आणि बटणांचं आधीच योजा, नाहीतर दिवा मालवायला रोज कुणीतरी उठणार. पलंगाच्या दोन्ही बाजूंना, कपाटाच्या बाहेर, एकेक बटण आणि मोबाईल लावायचं सॉकेट घ्या. पाण्याचा तांब्या, चष्मा, गोळ्या ठेवायला हाताशी लहानशी फळी हवी, कारण टीपॉय तर सरकवलेलं असतं. पलंग उतरण्याच्या वाटेत लोंबता दिवा, झुंबर किंवा आत उघडणारी खिडकीची झडप येत नाही ना, तेही बघून घ्या.

वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत, भिंतीचे सगळे बोल्ट पान्यानं तपासून घ्या. पलंग पूर्वीपेक्षा जड लागायला लागला तर गादीचा दोष नव्हे, पिस्टनमधला गॅस कमी झालेला असतो. तो भरत बसायचा नसतो, जोडीच बदलायची. प्रत्येक पिस्टनवर ताकदीचा आकडा छापलेला असतो, पुढं 'एन' हे अक्षर. तो आकडा, संच घेतलेल्या दुकानाचं नाव आणि तारीख कपाटाच्या आतल्या बाजूला मार्करनं लिहून ठेवा. पाच-सात वर्षांनी तो छाप पुसलेला असतो, आणि सुतार गावी गेलेला असतो.

माळ्यावरच्या ट्रंका आणि त्यांतल्या जुन्या भांड्यांचं काय करावं, असं विचारणाऱ्या भगिनींना पुढच्या अंकात उत्तर देईन.